हसले की पडायचे

माझे वडील दिग्रसला एका जिनिंगमध्ये कामाला होते, कापसाच्या गाठी बांधतात त्या प्रेसवर. दिवसभर रुईच्या धुळीत राहून संध्याकाळी घरी आले की आंघोळ करायचे, अंगणातल्या खाटेवर बसायचे आणि त्या दिवशी जिनिंगवर कोण कोण येऊन गेलं ते करून दाखवायचे. सांगायचे नाहीत, करून दाखवायचे. गाडीवरून उतरताना धोतर अडकलेला म्हातारा, फोनवर बोलताना मान डोलावत राहणारा दलाल. आणि सगळ्यांचा लाडका म्हणजे कापूस पारखणारा ग्रेडर. हा ग्रेडर चिमूटभर कापूस उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा, भाव सांगायला तोंड उघडायचा आणि नेमकी त्याच वेळी त्याला शिंक यायची. यायची म्हणजे अडकायची. नाक वर, तोंड उघडं, कापसाचा हात हवेत, आणि मागे गाडीवाल्यांची सगळी रांग श्वास रोखून उभी. मग शिंक तशीच परत जायची आणि साहेब खाली मान घालून म्हणायचे, "ओला हाये."

एवढी एक नक्कल पाहायला आमच्या ओळीतली माणसं जेवणं आटोपून अंगणात येऊन बसत.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. जिनिंगचा हंगाम भरात होता आणि बाबा रोजच रंगात असायचे. त्या संध्याकाळी त्यांनी ग्रेडर केला, मी खळखळून हसले, आणि हसता हसता माझी मान पुढे लोंबली. जबडा सैल झाला. गुडघ्यातलं बळ गेलं आणि मी होते तिथेच कोसळले. दुखलं काही नाही. अंगातून कुणीतरी एकदम सगळी ताकद काढून घ्यावी तसं झालं. डोळे मिटलेले होते, पण ऐकू सगळं येत होतं.

"काय झालं वं पोरीले?" आई ओरडत होती.

"मिरगी हाये, मिरगी. चप्पल आना," शेजारच्या काकू म्हणाल्या.

कुणीतरी आपल्या पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. दिवसभर चालून आलेली चप्पल होती ती. मी आतून जिवाच्या आकांतानं म्हणत होते, काढा ती, काढा. पण जीभ हलत नव्हती. मिनिटभरानं सगळं जसं गेलं होतं तसं परत आलं आणि मी उठून बसले. काकू म्हणाल्या, "पाहा, चपलेनं उतरली."

त्याच वर्षी माझी झोप बिघडली होती. बिघडली म्हणजे ती केव्हाही यायची. गणिताच्या तासाला यायची, हातात घास धरलेला असताना यायची. शिक्षकांनी उभं केलं तर उभ्याउभ्या यायची. झोप लागली की लगेच स्वप्नं सुरू व्हायची, आणि जाग आल्यावर स्वप्नातलं कुठलं आणि वर्गातलं कुठलं ते कळायचं नाही. एकदा मी बाईंना मधेच उठून विचारलं की बैल कुठे गेला. वर्गातल्या मुलींनी माझं नाव 'झोपडी' ठेवलं आणि ते दहावीपर्यंत टिकलं.

गावातल्या डॉक्टरांनी मिरगीची गोळी सुरू केली. त्यांच्यावर माझा राग नाही. पोरगी पडते, डोळे मिटते, थोड्या वेळानं उठते, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. गोळीनं पडणं थांबलं नाही, झोप मात्र आणखी वाढली.

पडलेल्या माणसाला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालतात. त्यामुळे त्या एकेका मिनिटात मी पुष्कळ ऐकलं. माझी आत्या फार मायाळू. सुट्टीत आली की माझ्या केसांना तेल लावून द्यायची. मी जमिनीवर पडलेली असताना तीच आईला म्हणाली, "हिले कोन करन वं आता? लपवून तरी किती लपवशीन?" आणि मी उठल्यावर तिनंच मला पाण्याचा पेला दिला, पाठीवरून हात फिरवला. दोन्ही वेळेला ती खरीच होती, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

मी कधी पडते ते सगळ्यांत आधी बाबांच्या लक्षात आलं. ताप असताना पडत नाही, उन्हात पडत नाही, उपाशी असताना पडत नाही. हसले की पडते. आणि हसवतात तर तेच. त्यांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. एका संध्याकाळी ओळीतली माणसं येऊन बसली, कुणीतरी म्हणालं, "चला, होऊन जाऊ द्या ग्रेडर," तर बाबा म्हणाले, "बदली झाली त्याची." लोक हसले. बाबा उठून आत गेले. पुढे काही दिवस माणसं येत राहिली, मग येईनाशी झाली. आमचं अंगण संध्याकाळी रिकामं राहू लागलं.

मीही हसू दाबायला शिकले. हसू येतंय असं वाटलं की गालाचं आतलं मांस दातांत धरायचं आणि मनात सतराचा पाढा म्हणायचा. मैत्रिणींचा घोळका दिसला की रस्ता बदलायचा. हळूहळू मी घुमी आहे, शिष्ट आहे असं लोक म्हणायला लागले. ते मला 'झोपडी'पेक्षा बरं वाटायचं.

बारावीनंतर यवतमाळला डीएड केलं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात येरझारा घालत अभ्यास करायचे, कारण बसलं की संपलं. नोकरी लागली ती मारेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. मारेगावात खोली घेतली आणि तिथून रोज शाळेत जाऊ लागले. दुसरीचा वर्ग मिळाला. गावातली मुलं होती, जवळच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणारी होती, आणि सात वर्षांच्या मुलांइतकं हसवणारं जगात दुसरं काही नसतं. मी त्यांच्याशी सदा कपाळाला आठ्या घालून वागायचे. शाळेतली सगळ्यांत कडक बाई अशी माझी ख्याती झाली. घरी येऊन कधी कधी त्याचं रडू यायचं.

एका दुपारी मी फळ्यावर शुद्धलेखन लिहून देत होते. 'पाऊस पडला. शेतात पाणी साचले.' एवढं लिहिल्याचं मला आठवतं. पुढचं आठवतं ते मुख्याध्यापक मॅडमचा हात माझ्या खांद्यावर. फळ्याकडे पाहिलं तर दुसऱ्या ओळीनंतर अक्षरं वेडीवाकडी होत गेली होती आणि शेवटी नुसत्या नागमोडी रेघा होत्या, पार फळ्याच्या कडेपर्यंत. खडू अजून माझ्या हातात होता. मी झोपेत लिहीत होते. आणि मुलं शहाणी! त्यांनी त्या रेघासुद्धा वहीत जशाच्या तशा उतरवून घेतल्या होत्या. एकीनं तर पुढे पूर्णविरामही दिला होता.

मॅडम मला ऑफिसात घेऊन गेल्या. आता नोटीस येणार, असं मला वाटलं. मी हात जोडले.

"मॅडम, एवढ्या वेळी माफ करा."

"कायची माफी?" त्या म्हणाल्या. "बाई, मी इतकी वर्षं शाळेत हाये. आळशी माणूस खुर्ची पाहून झोपते. तुम्ही उभ्यानं लिहिता लिहिता झोपल्या. हे आळसाचं काम नाही. हे काही तरी दुसरंच हाये."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. हसण्याचं, पडण्याचं, मिरगीच्या गोळीचं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होते. यवतमाळला मेंदूविकाराच्या एक डॉक्टर ठरावीक दिवशी पेशंट तपासतात हे त्यांनीच शोधून काढलं, आणि त्या दिवशी स्वतः रजा टाकून माझ्यासोबत बसमध्ये बसल्या. बाबांना फोन केला होता. ते दिग्रसहून परस्पर आले. तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते. दवाखान्याच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभे होते.

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. आवाज हळू, घाई अजिबात नाही. माझे जुने कागद त्यांनी चाळले आणि बाजूला ठेवले.

"पडण्याच्या आधी काय चाललेलं असतं?" त्यांनी विचारलं.

किती वेळा पडते, किती वेळ पडते, तोंडाला फेस येतो का, हे मला अनेकांनी विचारलं होतं. आधी काय चाललेलं असतं हे कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात मागून बाबा बोलले.

"मीच पाडतो मॅडम तिले."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"मी नकला करतो. म्हंजे करत होतो. मी नक्कल केली का हे हासते, हासली का पडते. म्हून मी बंद केलं. पन आता दुसऱ्या कोनी हासवलं तरी पडते."

इतकी वर्षं बाबा हे मनात बाळगून होते. मला अंदाज होता, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, आता इथे कराल का?"

"इथं?"

"इथेच. मी तिला धरते. काळजी करू नका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करा नं बाबा." टेबलावर पट्ट्यांच्या ट्रेमध्ये कापूस होता. त्यातला चिमूटभर त्यांनी उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एक डोळा मिटला. ते थकले होते, गाल बसले होते, आणि त्यामुळे तो ग्रेडर पूर्वीपेक्षा जास्तच ग्रेडर दिसत होता. शिंक आली. अडकली. नाक वर गेलं. आधी दाराशी उभ्या असलेल्या सिस्टर फुटल्या, मग आमच्या मॅडम. मी सतराचा पाढा म्हणायला घेतला आणि मग सोडून दिला. कितीतरी वर्षांनी मनसोक्त हसले आणि तपासणीच्या खाटेवर कोसळले.

डॉक्टरांनी माझं डोकं अलगद टेकवलं. गुडघ्याखाली त्यांचा रबरी हातोडा लागलेला मला कळला. एकदा, परत एकदा. पाय हलला नाही. थोड्या वेळानं ताकद परत आली तेव्हा त्यांनी पुन्हा मारला, आणि पाय टुणकन उडाला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही.

"मघाशी ऐकू येत होतं?"

"हो. तुम्ही म्हणाल्या, 'सिस्टर, हे पाहा, गुडघा प्रतिसाद देत नाहीये.' आणि आमच्या मॅडम तेव्हाही हसत होत्या."

बाबा कापूस हातात धरून तसेच उभे होते. डॉक्टरांनी आधी त्यांना खुर्ची दिली.

"तुम्ही तिला पाडत नव्हता," त्या म्हणाल्या. "उलट तुमच्यामुळे आज मला हा आजार डोळ्यांनी पाहता आला. डॉक्टरला हे क्वचितच दिसतं. ही मिरगी नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आजाराचं नाव नार्कोलेप्सी. माणूस स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू त्याचं अंग सैल सोडून देतो, नाही तर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून उठून पळत सुटेल. मेंदूच्या आत खोलवर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून एक द्रव्य तयार होतं, ते जागेपण आणि स्वप्न एकमेकांत मिसळू देत नाही. माझ्यातल्या त्या पेशी बहुतेक नष्ट झाल्या होत्या. म्हणून झोप केव्हाही येते, आणि हसण्यासारखी भावना उसळली की स्वप्नातला तो सैलपणा जागेपणी अंगात उतरतो.

"हे कोनी शोधलं?" बाबांनी विचारलं. बाबांना कुठल्याही यंत्राचं तेच आधी विचारायची सवय.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, शंभरावर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये दारूची पिंपं विकणारा एक व्यापारी होता. तो हसला की पडायचा, धंद्यात चांगला सौदा होणार असं वाटलं की पडायचा. एका डॉक्टरनं त्याचं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं, हा काही नाटक करत नाही असं मानलं आणि या आजाराला नाव दिलं. पुढे अमेरिकेत काही कुत्री सापडली. आवडीचं खाणं समोर आलं की ती आनंदानं कोसळायची. त्यांच्यावर आणि माणसांवर वर्षानुवर्षं अभ्यास करत संशोधक त्या द्रव्यापर्यंत पोचले.

"कुत्रे बी?" बाबा म्हणाले. "मंग त्याइले कोनी चप्पल नाई हुंगवली?"

मी तिथे बसून त्या पिंपवाल्याचाच विचार करत होते. माझा त्याचा काय संबंध! त्याची भाषा मला येत नाही, त्याचं गाव मी नकाशातही दाखवू शकत नाही. पण त्याच्यावर कुणीतरी विश्वास ठेवला म्हणून आज यवतमाळात माझ्यावर विश्वास ठेवला जात होता. जगात माझी आणखी पुष्कळ माणसं आहेत असं मला एकदम वाटलं.

मिरगीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली आणि मग खात्रीसाठी नागपूरला झोपेच्या तपासणीला पाठवलं. डोक्याला, गालांना, हनुवटीला वायरी चिकटवल्या. रात्रभर झोपेची नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या वेळानं खोलीत अंधार करून सांगायचे, "आता झोपून दाखवा." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला भर दिवसा झोपायला सांगत होतं. प्रत्येक वेळी मी पडल्या पडल्या झोपले आणि झोपल्या झोपल्या स्वप्नात गेले. वायरी काढताना तिथला तंत्रज्ञ बाबांना म्हणाला, "काका, तुमची मुलगी सगळ्या पेपरांत पास." बाबांनी परतीच्या बसमध्ये हे शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं.

औषधं सुरू झाली. सकाळी जागेपणासाठी एक, आणि पडणं आवरण्यासाठी एक. पहिल्याच आठवड्यात एकदा शाळेतून परत येत होते. टळटळीत दुपार होती, रस्त्याकडेच्या पळसाचं एकेक पान मला वेगळं दिसत होतं. मी थांबून पाहत राहिले. लोक दिवसभर असे जागे असतात, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं आणि मीच तेवढी कमी पडते.

आजार गेला नाही, जात नाही. मधल्या सुट्टीत मला थोडं झोपावंच लागतं. मॅडमनी ऑफिसात पुस्तकांच्या कपाटाआड एक चटई आणि उशी ठेवली आणि सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं, "बाईंची ही झोप म्हंजे औषध हाये. कोनी थट्टा करायची नाही." कुणी केलीही नाही. मी वर्गात हसायला लागले तेव्हा मुलं आधी घाबरली. मग त्यांनीही मला हसवायचं सोडलं नाही.

लग्नाचं स्थळ आलं ते मारेगावातलंच. शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की लपवायचं नाही. चहा झाल्यावर मीच त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पडल्या का मी काय करायचं?"

"काही नाही. डोकं आपटू द्यायचं नाही आणि वाट पाहायची."

"आन् तुमाले ऐकू येते?"

"सगळं."

"मंग बरं हाये. तेवढ्या वेळात तरी मले बोलता येईन."

माझे गुडघे लटपटले. मी भिंत धरली आणि त्यांनी न बोलता खुर्ची पुढे सरकवली. आजवर ते तेच करत आले आहेत. आत्या लग्नात सगळ्यांत जास्त नाचली.

पुढे डॉक्टरांनी एकदा विचारलं, शिकाऊ डॉक्टरांची एक बैठक आहे, तुम्ही येऊन बोलाल का? आम्ही दोघं गेलो, बाबा आणि मी. सभागृह भरलेलं होतं. मी माझी हकिगत सांगितली. एका मुलीनं विचारलं, "आम्ही काय लक्षात ठेवावं?" मी म्हटलं, "पडलेल्या माणसाला ऐकू येत असेल असं धरून बोला. आणि आधी काय चाललं होतं ते विचारा." मग बाबांनी त्या सगळ्या डॉक्टरांपुढे ग्रेडर केला आणि पहिल्या रांगेतल्या एका वयस्क डॉक्टरांना हसता हसता ठसका लागला. संशोधनासाठी माझं रक्त आणि तपासण्यांचे कागद वापरायला मी आनंदानं परवानगी दिली. डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"तिचं नोका टाकू," बाबा म्हणाले, "पन मायं टाका."

बाबा आता दिग्रसलाच असतात. प्रेसवरचं काम सुटलं, अंगण पुन्हा भरतं. दात गेल्यामुळे शिंक नीट अडकत नाही अशी त्यांची तक्रार असते.

डॉक्टरांकडे मी अजून वर्षातून दोनदा-तीनदा जाते. थंडीत गेले की तुरीच्या शेंगा उकडून नेते. मागच्या खेपेला शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या की त्यांना स्वतःला कित्येक वर्षं धड झोप लागत नाही. "तुमच्यातली थोडी मला द्या," असं म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. मी टेबलाची कड धरून ठेवली होती, पण तशी गरज पडली नाही.

परतीला मी वणीच्या गाडीत खिडकीशी बसते. यवतमाळ सुटतं न सुटतं तोच माझा डोळा लागतो. त्या गाडीवरचे बरेचसे कंडक्टर आता मला ओळखतात. तिकीट देताना त्यातला एक न विचारताच म्हणतो, "झोपा बाई, उठवतो." आणि करंजी मागे पडून मारेगाव जवळ आलं की येऊन सीटच्या दांड्यावर टकटक करतो. मी उठते, पिशवी घेते, उतरते.